दादाच्या वाफ्यातले मुळे

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना खुर्चीत बसवतो, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि "आता नीट दिसतंय का?" असं विचारत राहतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, या माणसाकडून चष्मा करून घ्यायचा म्हणजे अवघडच आहे. म्हणा खुशाल. आमच्या गल्लीतले लोक म्हणतातच.

गल्लीच्या टोकाला पाण्याची जुनी टाकी आहे. तिच्यामागे थोडी मोकळी जागा आहे आणि तिथे हौशी मंडळींनी वाफे वाटून घेतलेत. वाफा म्हणजे किती, तर दोन पलंग शेजारी शेजारी लावले तर संपेल एवढा. पण बोलणं ऐकाल तर वाटेल, यांच्या नावावर डोंगरापर्यंत जमीन आहे. थंडी ओसरायला लागली की दर रविवारी सकाळी ही मंडळी तिथे जमतात, बादल्या उपड्या घालून बसतात, थर्मासातला चहा पितात आणि बोलत राहतात. हातात खुरपं असतं, पण ते बहुतेक बोलताना हवेत फिरवण्यासाठीच.

त्यात टपालवाले काका आहेत. ते निवृत्त झाले तरी खांदा एका बाजूला झुकलेलाच आहे, आता पिशवीऐवजी दुर्बीण लटकते एवढंच. मटार लावतात, पण लक्ष सगळं झाडावर, कारण दर वर्षी याच दिवसांत एक पिवळ्या गळ्याचा पक्षी टाकीवर येतो असं त्यांचं म्हणणं आहे. आजवर तो त्यांच्याशिवाय कोणालाच दिसलेला नाही. दुसरा बेकरीवाला. तो पालक आणि कांद्याची पात लावतो आणि दुपारी गळ घेऊन तळ्यावर मासे धरायला जातो. मासे त्याला ओळखतात, त्याच्या पावाचे तुकडे खाऊन निघून जातात. आणि तिसऱ्या नर्सबाई, मोठ्या इस्पितळात आयुष्य काढलेल्या. त्या लांबवर सायकल हाणून येतात आणि आल्या आल्या कोणाचं तरी चुकलंय हे सांगतात. बहुतेक वेळा ते खरं असतं, म्हणून जास्त राग येतो.

या सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे माझा दादा. त्याने जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवली. अजूनही समोरचा माणूस घाईत बोलायला लागला की दादाचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला जातो. हंगामातला पहिला मुळा दर वर्षी दादाच्याच वाफ्यातून निघायचा. तो मुळा हातात धरून तो असा उभा राहायचा की जणू बाळंतपण त्यानेच केलंय. मी लांबून हसायचो. रविवारी सकाळी चिखलात बसायचं आणि वर त्याला छंद म्हणायचं, हे मला कधी झेपलं नाही. माझा छंद अंथरुणात लोळणं. त्याला ना खत लागतं ना पाणी.

तर गेल्या हिवाळ्यात दादा स्टुलावरून पडला आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चालायला लागा. दादा चालला तर नाहीच, उठून बसायलाही तयार होईना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. वहिनीने समजावलं, मी समजावलं, नर्सबाई येऊन रागावून गेल्या. "जाऊ दे रे, आता कुठे जायचंय मला," एवढंच म्हणायचा. आयुष्यभर दुसऱ्यांना रस्त्यावर काढलेल्या माणसाने असं म्हणावं!

मग एका सकाळी त्याने मला जवळ बोलावलं, उशीखालून कागदाची पुडी काढली आणि म्हणाला, "मुळ्याची वेळ झाली. माझ्या वाफ्यात तू पेर. उपटायला मात्र मी येणार."

वहिनी तशीच उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ कशासाठी सोडला होता हे आम्हा दोघा भावांना बाहेर बरोबर कळलं. कितीतरी दिवसांनी दादा कुठेतरी येणार असं म्हणाला होता.

"पेरायचं किती खोल?" मी विचारलं.

"बोटाच्या पेराएवढं. आणि पेरल्यावर त्याला एकटं सोड. सारखा गिअर बदलत बसू नकोस."

आता बोटाच्या पेराएवढं म्हटल्यावर एखाद्या समजदार माणसाने बोटाच्या पेराएवढंच पेरलं असतं. मी विचार केला, दादाचं काम आहे, कमी पडायला नको, म्हणून दोन बोटं खोल पेरलं. पाणी घालायचं म्हणाला होता, मी आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी उगवलं नाही म्हणून काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी दुकानातला चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस घेऊन गेलो आणि माती उकरून बी जागेवर आहे का ते पाहिलं. होतं. परत पुरलं. चौथ्या दिवशी पुन्हा पाहिलं. बेकरीवाला म्हणाला, "अहो, मी पण भट्टीचं दार इतक्या वेळा उघडत नाही."

व्हायचं तेच झालं. वरची माती वाळून पापड झाली आणि खालचं बी कुजून गेलं. मटार वर चढले, पालक हिरवागार झाला, आणि मधोमध दादाचा वाफा नुकतीच हजामत केल्यासारखा. टपालवाले काका तिकडे दुर्बिणीतून बघायचे आणि सुस्कारा टाकायचे. इतक्या जवळच्या गोष्टीला दुर्बीण लावायची काय गरज होती, हे मी त्यांना विचारलं नाही.

इकडे दर रविवारी संध्याकाळी दादाला खबर द्यायची असायची. मी पहिल्या वेळी दाराशी जाईपर्यंत खरं सांगायचंच ठरवलं होतं. आत गेलो तर दादा उठून बसलेला. पाठीला उशी, केस विंचरलेले. "आले का?" म्हणाला. मी म्हणालो, "आले."

एकदा म्हटलं की झालं, मग थांबता येत नाही. पुढच्या रविवारी पानं बोटभर झाली. त्याच्या पुढच्या रविवारी वीतभर. मी लग्न केलेलं नाही, त्यामुळे घरी खोटं पकडायला कोणी नाही आणि माझा तो भाग आधीच जरा सैल आहे. पालकाचं वर्णन मुळ्याला चिकटवायचं, मटाराचा तजेला मुळ्यात घालायचा. फोटो मागेल अशी भीती होती, पण दादा म्हणाला, "फोटो नको. फोटोत मातीची ओल कळते का?" मी जितकी थाप मोठी मारायचो तितका दादा पुढे सरकायचा. पानं बोटभर झाली तेव्हा तो पलंगाशी उभा राहिला. वीतभर झाली तेव्हा खोलीत फिरला. मग वहिनीने सांगितलं, "भाऊजी, आज ते जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले, मग वर आले आणि म्हणाले, मुळे जून व्हायच्या आत खाली पोचलं पाहिजे."

मी नर्सबाईंना हे सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल. त्या म्हणाल्या, "चष्मेवाले, खरं सांगून टाका. तो माणूस एक दिवस खाली येईल आणि रिकामी माती बघेल. मग पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला तर त्याला उठवायला तुम्ही काय पेरणार?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. अंथरुणात लोळण्याचा छंद असणाऱ्याला झोप लागू नये, यावरून समजा. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी वाफ्यावर गेलो, पुडीत उरलंसुरलं बी होतं ते रागारागाने भुरभुरवलं, वर हाताने माती सारखी केली आणि पाठ फिरवली. पाणीही त्या संध्याकाळी काकांनीच त्यांच्या झारीतून घातलं असावं. मी पुन्हा तिकडे फिरकलो नाही. वाफ्याचं तोंड बघायची हिंमत नव्हती.

आणि शनिवारी वहिनीचा फोन आला. "भाऊजी, उद्या सकाळी ते येतायत. जिना पूर्ण उतरून येणार म्हणतात. वाफ्यापर्यंत चाकाची खुर्ची नेऊ, पण मुळा उभं राहून उपटणार म्हणतात." मग म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी घरात त्यांची शिट्टी ऐकू येतेय."

आता सांगा, या शिट्टीवर मी काय बोलणार होतो? तोंड उघडलं आणि म्हणालो, "या ना. मस्त झालेत मुळे."

रविवारी उजाडताना मी बाजारात होतो. भाजीवाल्याला म्हटलं, पाल्यासकट मुळे दे, ताजे दे, आणि धुतलेले नकोत. तो म्हणाला, सगळे धुतलेलेच आहेत, साहेब, घाणेरडे कोण घेतं? मी घेतो, म्हणालो. तो माझ्याकडे बघत राहिला. शेवटी धुतलेलेच घेतले. टाकीमागे पोचलो तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. छत्रीच्या टोकाने भोकं पाडली, एकेका भोकात एकेक मुळा सोडला, माती दाबली, पाणी मारलं. ओळ चुकू नये म्हणून दोरी धरली होती. काम झाल्यावर चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि खरं सांगतो, छाती फुगली. हंगामभरात पहिल्यांदा मी त्या वाफ्यात काहीतरी यशस्वीपणे लावलं होतं.

मंडळी जमली. बेकरीवाल्याने मुळे पाहिले आणि खुरपं खाली ठेवलं. काकांनी दुर्बीण डोळ्याला लावली, मग उलटी करून लावली. नर्सबाई सायकलवरून उतरल्या, ओळीकडे बघून म्हणाल्या, "मुळे आहेत की शाळेतली प्रार्थना?" मी हात जोडले. "आजचा दिवस," म्हणालो, "फक्त आजचा दिवस सांभाळून घ्या." काका म्हणाले, "पाला मान टाकतोय, त्याचं काय?" मी म्हणालो, "ऊन आहे." ऊन अजून टाकीच्या पलीकडेच होतं.

तेवढ्यात दादा आला.

वहिनी खुर्ची ढकलत होती. दादाने ठेवणीतला सदरा घातला होता. तो सगळ्यांशी हसला, काकांना विचारलं, "तुमचा पिवळ्या गळ्याचा आला का?" काका म्हणाले, "परवाच येऊन गेला." नेमकं कोणी नसताना. दादा पुन्हा हसला, पण डोळे वाफ्यावर होते. खुर्ची वाफ्याच्या कडेला लावली. दादाने दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि उठायला लागला. वहिनी पुढे झाली. तो म्हणाला, "नको. मी आणि मुळा, मध्ये कोणी नको." मी त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, हात धरायला नाही, तर माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून.

दादा उभा राहिला. एक पाय वाफ्यात टाकला, मग दुसरा. काका, बेकरीवाला, सगळे चहाचे पेले हातात धरून उभे. नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या ते आमच्यापासून लपवत होत्या. आणि मी, ज्याच्या पोटी हे सगळं नाटक जन्माला आलं होतं, मी सुद्धा क्षणभर विसरलो की ते नाटक आहे. माझा दादा मातीत उभा होता.

तो वाकला. दोन्ही हातांनी मुळ्याचा पाला बुडाशी धरला. मुळा जमिनीत घट्ट असतो, तो आपल्याला मागे ओढतो, म्हणून उपटणारा पाय रोवून सगळं वजन मागे टाकतो. हे मला माहीत नव्हतं. दादाला चांगलं माहीत होतं. त्याने पाय रोवले, श्वास घेतला आणि सगळं वजन मागे टाकलं.

बाजारातला मुळा भोकातून असा निघाला, जसा पेल्यातून चमचा निघावा.

दादा मागे आला, माझ्यावर आला, आणि मी त्याच्यासकट आडवा झालो. मी खाली, दादा वर, दादाच्या हातात मुळा. माझ्या घोट्यातून कळ गेली ती थेट कानशिलापर्यंत. वहिनी किंचाळली नाही, पण तिच्या हातातली पाण्याची बाटली पडली. नर्सबाई एका उडीत वाफ्यात आल्या आणि दादाचा खुबा, पाय, सगळं चाचपून पाहिलं. "दुखतंय का? इथे? इथे?" दादा म्हणाला, "मला नाही दुखत. मी मऊवर पडलोय." त्या हंगामात त्या वाफ्यात माझा झालेला पहिला उपयोग तो एवढाच.

मग दादाने कुशीवर वळून तो मुळा डोळ्यांसमोर धरला. मी करून दिलेल्या चष्म्यातून तो स्वच्छ दिसत असणार. पांढराशुभ्र, घासूनपुसून धुतलेला, शेपूट सुरीने कापलेलं. खालून मला त्याचा फक्त कान दिसत होता. मला वाटलं, संपलं. आता हा उठणार नाही. याला खुर्चीत घालून घरी नेऊ आणि हा परत भिंतीकडे तोंड करेल, आणि ती भिंत मी बांधलेली असेल. मला इतकी लाज वाटली की घोट्याचं दुखणं बरं वाटायला लागलं.

"दादा," मी म्हणालो, "चुकलं माझं. काहीच उगवलं नाही. मी सगळं घालवलं. तू उठून बसायला लागलास म्हणून मी..."

"गप," दादा म्हणाला. "हलू नकोस."

त्याची मान वाकडी झाली होती आणि नाक जवळजवळ मातीला लागलं होतं. त्याने एक बोट पुढे केलं, अगदी हळू. बाजारच्या दोन मुळ्यांच्या मधल्या जागेत, माझ्या छत्रीच्या भोकांमधून वाचलेली, बदामाच्या आकाराची दोन दोन पानं उभी होती. इथे एक, तिथे तीन. ओळ नव्हती, जिथे पडलं तिथे उगवलं होतं. मी त्यांच्यावरून उजाडताना चालून गेलो होतो, त्यांच्या डोक्यावर बसून मुळे पुरले होते, चार पावलं मागे जाऊन कौतुकाने बघितलं होतं, आणि मला ती दिसली नव्हती. दिवसभर लोकांना विचारतो, आता नीट दिसतंय का.

"आठवड्याची आहेत," दादा म्हणाला. "आठवड्यापूर्वी काय केलंस?"

"उरलेलं बी फेकलं आणि निघून गेलो."

"मग बरोबर केलंस," तो म्हणाला. "तेवढंच करायचं असतं."

नर्सबाईंनी आणि बेकरीवाल्याने त्याला उठवलं. उभा राहिल्यावर त्याने सदऱ्याची माती झटकली, हातातल्या मुळ्याकडे पुन्हा पाहिलं आणि सगळ्यांच्या देखत माझ्याकडे वळला. मला वाटलं आता बोलेल. तो बोललाही, पण आवाज वेगळाच निघाला.

"त्या एका ओढीसाठी मी जिना उतरायला शिकलो रे. पलंगाची दांडी धरून रोज सराव करायचो. पाय रोवायचे, वजन मागे टाकायचं. तुझी वहिनी विचारायची, हा कसला व्यायाम." त्याने नाक ओढलं. "आणि तू भाजीवाल्याचा मुळा खोचलास."

काकांनी दुर्बीण पुसायला घेतली.

"या कोवळ्यांची विरळणी करावी लागेल," दादा वाफ्याकडे बघत म्हणाला, आता नेहमीच्या आवाजात. "कुठे कुठे दाट झालीत. पुढच्या रविवारी मी येऊन करतो. तू हात लावायचा नाहीस. तू या वाफ्याच्या जवळपासही दिसायचं नाही, पेचकस घेऊन तर नाहीच."

"तुला पेचकस कोणी सांगितला?"

बेकरीवाला पालकाकडे बघायला लागला.

निघायची वेळ झाली तेव्हा मी उठलो आणि लगेच खाली बसलो. घोटा टम्म सुजला होता. नर्सबाईंनी पाहिला, दाबला, मी ओरडलो, त्यांना जरा जास्तच समाधान वाटलं असं मला वाटलं. "मुरगळलाय. यावर भार द्यायचा नाही," म्हणाल्या. मग त्यांनी चाकाच्या खुर्चीकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी घाबरलो.

"तुम्ही खुर्चीच्या मुठी धरून हळूहळू चालाल?" त्यांनी दादाला विचारलं. "आधाराला खुर्ची आहे, मी शेजारी आहे. दमलात की थांबायचं."

"आणि खुर्चीत?" दादाने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते.

तर अशा रीतीने भर रविवारी, सगळी गल्ली दारात उभी असताना, मी चाकाच्या खुर्चीत बसून घरी आलो. मांडीवर बाजारचे मुळे, कारण वहिनीने ते एकेक करून उपटून माझ्या हातात दिले होते आणि म्हणाली होती, "भाऊजी, पुढच्या वेळी शेपटं कापलेले घेऊ नका, लगेच वाळतात." दुकानातली गिऱ्हाइकं भेटली, त्यांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, मुळे उपटताना पडलो. ते खोटं नव्हतं.

मागे दादा होता. मला वळून बघायची परवानगी नव्हती, "वळलास की तोल जातो," म्हणाला होता. त्यामुळे मला फक्त त्याची पावलं ऐकू येत होती. आधी एक घासत यायचं, मग एक टेकायचं. मध्ये थांबायची, नर्सबाई काहीतरी म्हणायच्या, मग परत सुरू. कोपऱ्यावर उतार लागला आणि खुर्ची पुढे पळायला लागली, तेव्हा मी चाकाला हात लावला.

"हात काढ," दादा म्हणाला. "गाडी मी चालवतोय."

मी हात काढला. चष्मा पुसायला काढला, आणि घर येईपर्यंत घातला नाही.